मास्तरांचं नाक

आमच्या कार्यशाळेत नाकं आणि कान बनतात. आजारात किंवा अपघातात ज्याचं जे गेलं, ते आम्ही सिलिकोनमध्ये करून देतो. रंगवणं आणि बसवणं माझ्याकडे. कॉम्प्युटर सांभाळतात वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नकली वस्तू ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी आम्हा दोघींची ठाम समजूत होती.

त्या सकाळी बाहेरच्या खोलीत मास्तर तोंडावर रुमाल बांधून बसले होते, शेजारी त्यांची बायको. गाठीपायी मास्तरांचं नाक काढावं लागलं होतं. त्याआधी डॉक्टरांनी त्यांचा चेहरा स्कॅन करून फाईल आमच्याकडे पाठवली होती. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे डावीकडे वळलेलं, मधेच खचलेलं ते नाक आता त्या फाईलपुरतंच उरलं होतं.

"हवं तर सरळ करून देऊ," वन्सं म्हणाल्या.

बायकोने मान हलवली. "नको. चष्मा कधी जागेवर थांबला नाही त्या नाकावर, पण होतं तस्संच द्या. या वयात परक्या माणसाबरोबर कुठे संसार करू?" मास्तर रुमालाआडून हसले. ऑपरेशननंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता फाईल थ्री-डी प्रिंटरला देऊन साचा छापायचा, एवढंच बाकी होतं. मी मास्तरांच्या कातडीचा रंग कालवत होते, दोन्ही हात बरबटलेले. तेवढ्यात आतून वन्संचा आवाज आला.

"अगं, डॉक्टरांचा मेल आलाय. सुधारित फाईल पाठवलीय. लगेच उघडा, आधीची वापरू नका, म्हणतात."

"कुणाची फाईल?"

"नाव नाही लिहिलं. नुसतं 'रुग्णाची'. मास्तरांचीच असणार, दुसरं कुणाचं काम चालू आहे आत्ता?"

डॉक्टरांची फाईल आली की हातातलं टाकून ती उघडायची, ही आमची जुनी रीत. कितीदा तर पेशंट तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर असतो, विचारत बसायला सवड नसते. तरी मी म्हटलं, "थांबा जरा, हात धुऊन येते."

"फाईल उघडायला तुझे हात कशाला लागतात? खाली दवाखान्याचं चिन्ह आहे, डॉक्टरांची सही आहे. अगदी खऱ्यासारखं काय, खरंच आहे."

अगदी खऱ्यासारखं. हे तर लोक आमच्या नाकांबद्दल म्हणतात. आमच्यात खरं-खोटं ताडायचं तर नाकाच्या शेंड्याकडे कुणी बघत नाही. कड बघतात, कातडीला ते जिथे मिळतं ती. मी तशीच आत गेले आणि त्या मेलची कड बघितली. वर नाव डॉक्टरांचं, पण त्यामागचा पत्ता भलताच, कसल्याशा अर्थहीन अक्षरांचा. फाईलच्या नावाला स्कॅनचं नेहमीचं शेपूट होतं, पण त्याच्याही पुढे एक टिंब आणि आणखी एक शेपूट. म्हणजे ते स्कॅन नव्हतंच, स्कॅनच्या वेषात आलेला प्रोग्रॅम होता. आणि जो डॉक्टर फोनवर 'बोला' यापलीकडे शब्द खर्च करत नाही, तो आम्हाला 'प्रिय ग्राहक' म्हणत होता.

"वन्सं, उघडू नका."

"उघडतच नाहीये मेली. दोनदा दाबलं."

कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला होता. सगळ्या फाईलींची प्रत एका डिस्कवर असते, आणि ती डिस्क कायम त्याच कॉम्प्युटरला जोडलेली. घराची दुसरी किल्ली दारालाच अडकवून ठेवण्याचा हा शहाणपणा. मी आधी डिस्क उपटली, मग इंटरनेटची वायर, मग भिंतीतला प्लग. स्क्रीन काळा झाला.

"डॉक्टरांचंच नाव होतं गं," वन्सं म्हणाल्या.

"नाव काय, कुणीही लावतं." मला इतका राग आला होता की पुढचे शब्द गिळावे लागले, कारण बाहेर मास्तर खोकले.

"दवाखान्यात मूळ फाईल असेल की," वन्सं पुटपुटल्या. तेवढ्या एका वाक्यावर आम्ही दोघींनी जीव धरला. मी डॉक्टरांना फोन लावला, पुन्हा लावला. उचलेनात. दारात मास्तरांची बायको येऊन उभी राहिली. "वेळ लागेल का हो?"

"थोडा," मी म्हटलं. खोटी नाकं करताना कधी वाटत नाही, पण त्या एका शब्दाची मला लाज वाटली.

शेवटी डॉक्टरांचाच फोन आला. "माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. इथे सगळ्या फाईलींना कुलूप पडलंय, जुनी स्कॅन गेली. मास्तरांची तुमच्याकडे आहे ना?"

हातातल्या डिस्कवर मास्तरांच्या रंगात माझी बोटं उमटली होती. "बघते," मी म्हटलं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. आमच्या कॉम्प्युटरला त्याने हात लावला नाही. डिस्क स्वतःजवळच्या वेगळ्या मशीनला जोडली. 'कान' हा कप्पा त्याने उघडला. एकूण एक फाईलचं नाव बदललेलं, एकही उघडेना. "व्हायरस एकेक फाईलला कुलूप घालत खाली आलाय," तो म्हणाला. मग 'नाक'. पहिली गेलेली. दुसरी गेलेली. वन्संनी माझं कोपर इतकं घट्ट धरलं की मुंग्या आल्या. तो खाली सरकत राहिला आणि एका ओळीवर थांबला. "इथे तुम्ही डिस्क ओढली."

त्याच्या खालचीच फाईल मास्तरांची होती. स्क्रीनवर ते डावीकडे वळलेलं, खचलेलं नाक हळूहळू फिरायला लागलं, आणि वन्सं ढसाढसा रडल्या. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

"पुरे आता," मी म्हटलं, "नाक पुसा आणि नाक छापायला घ्या."

तेव्हापासून कानाला खडा लावलाय. आधी फोन, मग फाईल. आणि प्रत घेतली की डिस्क कपाटात.

मास्तरांना नाक बसवलं तेव्हा मी कड तपासली. कुठून दिसत नव्हती. त्यांनी चष्मा लावला, आरशात बघायला वाकले, तर चष्मा त्या खचलेल्या जागेवरून घसरत थेट शेंड्यावर आला. बायकोने सवयीने बोट पुढे करून तो वर सरकवला. मग तिचा हात तिथेच राहिला.

"आलात होय," ती म्हणाली.