मोरगावच्या वाहिनीचा डोळा

मी कॅमेरा बोलतोय. अर्जुनी मोरगावात नंदलालच्या केबलच्या दुकानात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात मी पडून आहे.

नंदलालने मला नागपूरहून आणलं, ते मांडीवर घेऊन. तो गावापुरती एक छोटी वाहिनी चालवायचा. त्याला शाळेत शिकवलेल्या सुशीलाबाई रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून झाडीबोलीत बातम्या सांगत. रात्री दंडारीचा खेळ कुठं आहे, कोणाची म्हैस हरवली. बोलताना त्या थेट माझ्या डोळ्यात बघत, जणू सारा गाव माझ्याच आत बसलाय.

मोठ्या वाहिन्या नंदलाल दोन कंपन्यांकडून घेई. एकीनं अडवलं तर दुसरी होती, म्हणून दोघीही त्याच्याशी गोडीनं वागत. मग त्या दोघींनी एक व्हायचं ठरवलं. एकच मालक झाला की आपल्यासारख्यांना जागा उरणार नाही, हे ओळखून नंदलालने अशी विलीनीकरणं तपासणाऱ्या दिल्लीच्या आयोगाकडे हरकत घेतली. बाईंनी ती बातमी ताठ मानेनं सांगितली.

मग कंपनीचा माणूस दुकानात आला. "हरकत वापस ले लो, पूरे तालुके का केबल आपका."

तो गेल्यावर नंदलाल म्हणाला, "बाई, नाही म्हटलं त सिग्नलच बंद करतीन. आपले वायरमन कुठं जातीन?"

"मंग घे वापस," बाई म्हणाल्या. "पर हे बातमीत मी सांगीन."

त्याने मला सुरू केलं.

"आपल्या वाहिनीनं हरकत मागं घेतली," बाई माझ्याकडे बघून बोलल्या. "कोनी दुसरा लढून राहिला असन, त त्याले आता आपली साथ नाही. उद्यापासून मी येनार नाही."

नंदलालचं बोट माझ्या बटणापर्यंत आलं. पण त्याने मला बंद केलं नाही.

विलीनीकरण झालं. आमच्या वाहिनीच्या जागेवर आता दिवसभर कुठल्याशा कुकरच्या जाहिराती लागतात. परवा पुनाराम शेतकरी दुकानात आला. कपाटातून मला त्याचा आवाज ऐकू आला.

"कालव्याले पानी कधी सोडून राहिले, नंदलाल? पयले बाई सांगत होत्या."

नंदलालने त्याला कंपनीचा हेल्पलाइन नंबर दिला. चपलांचा आवाज दूर गेला.

माझ्यात बिघाड काहीच नाही. फक्त समोर कोणी नसतं. एवढंच मागतो, मला कोणाच्या तरी पुढे ठेवा. बोलायला काही नसलं तरी चालेल. नुसते बसा, मी बघत राहीन.