बेडूक, लांबून

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच अख्खी गाडी रेखाटली आणि लोकांनी तिला बेडूक म्हटलं. कंपनीने दिलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आता मलासुद्धा आठवावं लागतं. मागचं छप्पर फुगलेलं, पुढचे दिवे डोळे वटारलेले, आणि एकूण बसण्याची तऱ्हा अशी की आता मारते उडी. रस्त्यावर आली त्याच आठवड्यात कुणीतरी तो शब्द काढला आणि तो चिकटला तो चिकटलाच. गाड्या विक्रेत्यांच्या दारात धूळ खात पडल्या. शेवटी कंपनीने हात टेकले आणि उरलेल्या गाड्या स्वस्तात कर्मचाऱ्यांच्या गळ्यात मारल्या. आमच्या वाट्याला आली ती हिरवी. दुसरा रंग शिल्लकच नव्हता म्हणे. हिरवा बेडूक! मला हसू आवरेना, आणि हे त्या दिवशी न जेवता झोपले.

पुढे ह्यांना सुटे भाग तपासायच्या खात्यात टाकलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. पगार तोच, पण पेन्सिलीला पुन्हा हात लावला नाही. त्याआधी हा माणूस फोनवर बोलताना वर्तमानपत्राच्या कडेला गाड्या काढायचा, शब्दकोड्याच्या चौकोनांनासुद्धा चाकं लावायचा. मुलीने शाळेसाठी हत्ती काढून मागितला तर म्हणाले, "आईला सांग." मी काढलेला हत्ती बाईंना बटाटा वाटला. मुलीने तो राग बरीच वर्षं धरला होता.

गाडीचा विषय निघाला की ह्यांचं एकच ठरलेलं उत्तर, "लोकांना कळली नाही ती." मुलगी शाळेच्या अलीकडच्या वळणावर उतरून चालत जायची, तरी हेच. आणि मनाला काही लागलं की हे फडकं घेऊन गाडी पुसत बसायचे. आमची गाडी कायम चकचकीत असायची, ह्यावरून काय ते समजा.

गेल्या महिन्यात वाहनांच्या संग्रहालयातून एका बाईंचा फोन आला. प्रदर्शन भरवायचं होतं, फसलेल्या गाड्यांचं. चालू स्थितीतला बेडूक त्यांना फक्त आमच्याकडे सापडला होता. माझं डोकंच फिरलं. तशी गाडी आमच्याकडे नाही म्हणून ठोकून देणार होते, तर हे मागेच उभे.

"आहे म्हणून सांग," म्हणाले.

मी फोनवर हात ठेवला. "अहो, हसायला बोलावताहेत."

"कळतंय मला. बहिरा नाही झालो अजून."

"मग?"

"मला ती बघायची आहे."

"रोज दारात तर उभी असते!"

"दारातून नाही गं. लांबून."

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी सगळं सांगितलं. खऱ्या गाडीच्या आधी तेवढ्याच आकाराची गाडी मातीची करतात, एवढं मला ठाऊक होतं. ती तपकिरी माती मी शर्टांच्या बाह्यांवरून वर्षानुवर्षं घासून काढली आहे. तो मातीचा नमुना मोकळ्या उजेडात न्यायचा आणि लांब उभं राहून बघायचा, ही त्या धंद्यातली साधी रीत. पण शेजारीच गाड्यांच्याच दुसऱ्या कंपनीची इमारत होती आणि तिच्या खिडक्या ह्यांच्या कंपनीच्या अंगणावर उघडायच्या. साहेबांनी दम दिला होता, नमुना बाहेर काढायचा नाही. आणि आतली खोली म्हणजे पूर्वीचं गोदाम. भिंतीला पाठ लावली तरी गाडीला हात पुरायचा.

"सगळ्यांनी जवळूनच पाहिली," हे म्हणाले. "मागचा गोलावा हाताला इतका छान लागायचा! मोठे साहेब आले, तेही हात फिरवून खूश होऊन गेले. रस्त्यावरचा माणूस गाडीला हात लावायला येत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा."

"आणि रस्त्यावर आल्यावर?"

"बेडूक हा शब्द कानावर आला, आणि मग लांबून बघायचा धीरच झाला नाही. म्हणून तर मी कायम आत बसलो. चालवायला दिली कधी कुणाला?"

खरंच दिली नव्हती. आणि आमचं घरही बोळात, तिथे गाडी समोरच्या भिंतीला खेटून उभी. मला भीती वाटायला लागली. लोकांना कळली नाही, ह्या एका वाक्याच्या आधारावर हा माणूस इतकी वर्षं उभा होता. तेच काढून घेतलं तर मागे काय उरणार?

पण ह्यांनी ऐकलं नाही. स्वतः चालवत गाडी पोचवून आले, आणि प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मुलीला घेऊन आम्ही गेलो. दालन चांगलं लांबलचक होतं. टोकाला आमचा बेडूक, आणि त्याच्यापुढे एक तरुण जोडपं गाल फुगवून फोटो काढत होतं.

"काय झालं एवढं हसायला?" मी मोठ्यांदा विचारलं. दोघांची तोंडं पडली. मुलीने माझं कोपर ओढलं. "आई, तूच तर सगळ्यात जास्त हसायचीस." मी हसेन, माझा नवरा आहे. ह्या पोरांचा काय संबंध?

तेवढ्यात बघते तर हे शेजारी नाहीत. दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले होते आणि उलट्या पावलांनी मागे सरकत होते. पाठ भिंतीला टेकली तेव्हा थांबले. मी धावतच गेले. हे एकटक बघत होते. मग खांदे हलायला लागले. मी घाबरून हात धरला.

हे हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"अगं, बेडूकच आहे की गं!"

"मी वेगळं काय सांगत होते?" मी म्हटलं.

ह्यांनी डोळे पुसले, एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला. "मागचं छप्पर चार बोटं खाली हवं होतं. आणि दिवे आत. एवढंच. एवढंच गं."

"मला सांगून काय कळणार?"

हे खिसे चाचपायला लागले. मी पर्स उपसली. पेन नव्हतं, भुवयांची पेन्सिल होती, तीच दिली. ह्यांनी तिकीट भिंतीवर पालथं धरलं. पहिली रेघ थरथरली. दुसरी नाही.

मुलगी आम्हाला शोधत आली. "बाबा, काय करताय?"

"थांब जरा," हे मान वर न करता म्हणाले. "उजेड अडवू नकोस."