पान त्रेचाळीसची साक्षीदार

मी वाचनालयातली अभिप्राय वही बोलतेय. आधीच सांगून ठेवते, रडगाणं गायला आलेली नाही. मला कपाटात कोंडलंय, माझी दोन पानं निव्वळ डिंकाच्या जोरावर टिकून आहेत. पण माझ्यात लिहिलेला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

माझा जन्म साधाच. शंभर पानं, निळा पुठ्ठा, मधोमध दोऱ्याची शिलाई. वाचनालयात विज्ञानाच्या, माहितीच्या पुस्तकांकडे कुणी फिरकत नव्हतं. एकानं लिहिलं तर दुसऱ्याला वाचावंसं वाटेल, म्हणून ग्रंथपालबाईंनी मला आणलं, पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात 'खरं लिहावं' असं लिहिलं आणि सुतळीनं काउंटरला बांधून टाकलं.

आणि लोक लिहू लागले! पुस्तक न उघडताच परत करणारे हमखास 'अत्यंत उद्बोधक' लिहीत. खरे वाचणारे भांडत. हृदयावरच्या पुस्तकाबद्दल नळदुरुस्तीवाल्यानं लिहिलं, 'झडपांचं वर्णन छान, पण लेखकानं आयुष्यात एक वॉशर बदललेला दिसत नाही.' झोपेवरचं जाडजूड पुस्तक वाचून एका बसचालकानं लिहिलं, 'दुसऱ्या प्रकरणातच गुण आला.' मला अशी माणसं आवडतात. पुस्तकाच्या पाया पडत नाहीत, त्याच्याशी बोलतात.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त रसायनशिक्षक. त्यांनी रानातल्या अळंब्यांवर एक पुस्तक लिहिलं आणि अकरा प्रती वाचनालयाला भेट दिल्या. आठवड्याभरात माझ्यात त्याची पानभर स्तुती आली. खाली सही, 'एक जिज्ञासू वाचक'. स्तुती कुणी लिहिली ते मला ठाऊक होतं, पण वहीनं चुगली करायची नसते.

सहा महिन्यांनी कोपऱ्यावरची भाजीवाली ते पुस्तक परत करायला आली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती वाचत बसायची. त्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता.

"बाई, लिहू का? माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदच आहे."

"विषाबद्दल लिहायचंय ना? मग लिहा बिनधास्त," ग्रंथपालबाई म्हणाल्या. तिनं त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं.

तिनं लिहिलं, 'पान ४३. दोन चित्रांखालची नावं उलटी झालीत. खायची आहे तिला विषारी म्हटलंय आणि विषारी आहे तिला खायची. माझ्या थोरल्या नणंदेनं मागे एकदा ही दुसरी खाल्ली होती. तिसऱ्या दिवशी गेली. कृपा करून कुणी खाऊ नका.' माझ्यात आजवर शेकडो मतं उतरली, पण हे मत नव्हतं. हे एका घरातलं मरण होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी ते वाचलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आता भाजीवाल्या आम्हाला विज्ञान शिकवणार?"

"सर, एकदा चित्रं तरी बघून घ्या," बाई म्हणाल्या. "छापखान्यात नावं उलटी लागली असतील."

"पुस्तक मी लिहिलंय, बाई!"

असं म्हणून त्यांनी ते पान धरलं आणि मागमूस राहू नये म्हणून अगदी शिलाईपासून उपसून काढलं. जन्मभर पुस्तकांत वावरलेला माणूस, पण शिवलेल्या वहीचं पान एकटं नसतं, एकाच कागदाची घडी घालून दोन पानं होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. एक ओढलं, तसं त्याचं जोडीचं पानही सुटलं आणि थेट बसचालकाच्या पायाशी पडलं. त्यानं उचलून मोठ्यानं वाचलं, "'अशी प्रतिभा शतकातून एकदाच...' अरे वा! एक जिज्ञासू वाचक. सर, ही हिरवी शाई तर तुमच्या सूचनाफलकावरचीच की!"

वाचनालयात हशा पिकला. मलाही हसू आलं, दुखत होतं तरी. अध्यक्ष पाय आपटत निघून गेले. बाईंनी दोन्ही पानं चिकटवली, भाजीवालीचं आणि जिज्ञासू वाचकाचंही. खरं लिहावं म्हटलं तरी खोटंही जपून ठेवावं लागतं.

मग सभा भरली. मी 'वाचनालयाच्या प्रतिष्ठेला बाधक' ठरले आणि कपाटात गेले. काउंटरवर छापील कागद आले. त्यावर तीनच पर्याय: आवडले, खूप आवडले, अतिशय आवडले. ते अळंब्यांचं पुस्तक मात्र खुशाल घरोघर फिरत राहिलं. बाई ते नेणाऱ्या प्रत्येकाला कपाट उघडून माझं पान वाचायला लावत. नोकरी जाण्याची भीती होती, तरी लावत.

एके दिवशी अध्यक्षांची बायको आली. "हे रविवारी नातवंडांना रानात नेणार आहेत. पुस्तक बघून अळंब्या शोधायच्या आणि घरी येऊन रांधायच्या, असा बेत आहे. एक प्रत द्या, त्यांची कुठे सापडत नाही."

"वहिनी, आधी हे वाचा," म्हणत बाईंनी मला त्यांच्यापुढे ठेवलं.

वहिनींनी वाचलं, पुन्हा वाचलं. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग मला आणि पुस्तकाच्या एका प्रतीला पिशवीत घातलं आणि घरी नेऊन नवऱ्याच्या पुढ्यात आदळलं.

"हे वाचा. मग चहा मिळेल."

अध्यक्षांनी भिंग आणलं, मूळ छायाचित्रं काढली, पान त्रेचाळीस काढलं. दोन्ही चित्रं छायाचित्रांशी ताडून पाहिली. शेजारच्या खोलीत नातवंडं टोपली कुणी धरायची यावरून भांडत होती. शेवटी ते हळूच म्हणाले, "रविवारी आभाळ येईलसं वाटतंय. राहू दे जाणं."

बस्स, एवढंच. पण त्याच आठवड्यात त्यांनी अकराच्या अकरा प्रती मागवून नावं स्वतःच्या हातानं दुरुस्त केली. नवी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत लिहिलंय, 'मागील आवृत्तीतील एक किरकोळ चूक लेखकाच्या स्वतःच्याच लक्षात आली.'

किरकोळ! स्वतःच्याच!

वहिनींनी मला परत आणून दिलं, आणि मी पुन्हा कपाटात गेले. भाजीवालीचे आभार कुणी मानले नाहीत. मानू नका. तिनं आभारासाठी लिहिलं नव्हतं, आणि मीही शाबासकीसाठी सांगत नाहीये. पण ती चूक कुणाच्या लक्षात आली ते माझ्यात निळ्या शाईत लिहिलेलं आहे, आणि ते पान एकदा उपसून पाहिलंत, तरी गेलं नाही.

पुस्तकावर छापील नाव असलं म्हणून घाबरू नका. किल्ली बाईंकडे आहे. माझी एकवीस पानं अजून कोरी आहेत. मागून घ्या मला, आणि लिहा.