आठ वाजताची सावली

मैमुनाबाईंच्या बालवाडीत पोरं सावल्या जुळवायची. जमिनीवर काळ्या कागदाच्या सावल्या मांडलेल्या आणि टोपलीत खऱ्या वस्तू: किटली, छत्री, लाकडी होडी, अननस. ज्याची सावली असेल तिथे ती वस्तू नेऊन ठेवायची. कुणी किटलीच्या सावलीवर अननस ठेवला की अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "सावली खोटं बोलत नाही!" हे बाईंनीच शिकवलेलं. एकोणीस वर्षं त्या हे शिकवत होत्या आणि स्वतःवर भलत्याच खूश होत्या. माणसानं इतकंही खूश असू नये.

सोळा महिन्यांपूर्वी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, रोसमी आपल्या इंतानला सोडायला आली ती बॅग घेऊनच. बालवाडीतून थेट बसस्टँड, तिथून सीमेपलीकडे परदेशात, कुचिंग शहरात, परक्याच्या घरी धुणीभांडी करायला. नवरा केव्हाच परागंदा झालेला, त्यामुळे इंतान राहणार होती मावशीकडे, जुनाईदाकडे. साडेतीन वर्षांची पोर आईच्या कमरेला घोरपडीसारखी चिकटली होती. दोघी-तिघींनी ओढलं तरी सुटेना. बस चुकायची वेळ आली.

स्वातंत्र्यदिन जवळ आला होता, गल्लीतले कठडे रंगवायला आणलेला पांढरा रंग दारातच होता. बाईंना सुचलं! आणि का सुचलं, असं पुढे त्यांना किती वेळा वाटलं असेल.

"इंतान, रडतेस काय वेडे? आपण आईची सावली इथेच ठेवून घेऊ!"

बाईंनी रोसमीला अंगणाच्या सिमेंटवर उभं केलं; पोर कुतूहलानं कमरेवरून खाली उतरली, नुसता आईचा हात धरून राहिली. तिच्या पावलांभोवती रंगाची रेघ मारली, मग सावलीभोवती. डोक्यावरच्या रुमालाखाली मोठा अंबाडा होता, त्याचा उंचवटासुद्धा सोडला नाही. तेवढ्यात आठची घंटा झाली.

"आई येईल ना, तेव्हा आठच्या घंटेला याच पावलांवर उभी राहील. मग सावली बरोब्बर जुळेल. तोवर तू सांभाळायची. सांभाळशील?"

पोरीनं मान हलवली आणि हात सोडला. रोसमी डोळे पुसत पळाली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

इंताननं मग ती सावली अशी सांभाळली की विचारू नका. कुणाचा पाय त्या पावलांवर पडू देईल तर शपथ. "ए, माझी आई आहे ती!" पाऊस पडून गेला की फडक्यानं चिखल पुसायची. दुसऱ्या ऑगस्टला रंग उडाला तेव्हा बाईंनी त्याच रेघेवरून पुन्हा ब्रश फिरवला. कुचिंगची मालकीण फोन स्वतःकडे ठेवून घ्यायची, महिन्यातून एकदा चार मिनिटं बोलू द्यायची, तेही व्हिडिओशिवाय. आईचा चेहरा विरत गेला असेल, सावली मात्र पोरीला पाठ होती.

डिसेंबरात एका सकाळी जुनाईदा घाईघाईनं आत शिरली. मागे रोसमी. बाईंनी क्षणभर ओळखलंच नाही. निम्मी झाली होती. केस मालकिणीनं कापायला लावलेले, रुमाल कवटीला चपटा बसलेला.

"काल संध्याकाळी आली, बाई. दोनच दिवसांची सुट्टी मिळाली, त्यातला एक रस्त्यात गेला," जुनाईदा म्हणाली. "अकराची परतीची बस आहे. आणि ही कार्टी जवळ जाईल तर ना! रात्रीच म्हणाली, उद्या सावली बघू, मग ठरवू."

"ठरवू दे की," रोसमी हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "तिचं बरोबरच आहे. बाईंनीच सांगितलंय ना तिला?"

इंतान आधीच अंगणात जाऊन बसली होती, रेघेशेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून. ऊन लख्ख होतं. बाईंनी स्वतः जाऊन घंटा वाजवली. रोसमीनं चपला काढल्या आणि रंगवलेल्या पावलांवर पावलं ठेवली. पावलं चपखल बसली.

सावली नाही बसली.

रंगवलेली सावली पाण्याच्या टाकीकडे कललेली होती. रोसमीची पडली झोपाळ्याकडे. लांबी जवळपास तीच, पण भलत्याच बाजूला! दोन सावल्यांच्या मध्ये पोर उताणी झोपली असती एवढी जागा रिकामी.

आता बघा, हे पोंतियानाक गाव, विषुववृत्त गावावरून जातं. वर्षातून दोनदा भर दुपारी सावली पायाखाली गुडूप होते, तेव्हा विषुववृत्ताच्या मनोऱ्यापाशी जत्रा भरते, लोक कच्ची अंडी उभी करून बघतात. बाई दर वर्षी पोरांना तिथे न्यायच्या, टाळ्या वाजवायच्या. पण गुडूप झालेली सावली मग दुसऱ्या अंगाला पडते, सूर्य सहा महिने या बाजूला तर सहा महिने त्या बाजूला असतो, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्या पावलांवर मधल्या काळात कुणी उभं राहिलं असतं तर कळलं तरी असतं.

"ही नाही," इंतान म्हणाली.

"अगं, आईच आहे ती! चूक माझी आहे, बाळा. सूर्य सरकतो ना..." बाईंनी धावत जाऊन संत्रं आणलं, टॉर्च आणली, फरशीवर बसून संत्र्याभोवती टॉर्च फिरवली. इंतान आदरानं बघत राहिली. पाच वर्षांच्या पोरीला काय कळणार?

"पण बाई," ती हळूच म्हणाली, "सावली खोटं बोलत नाही."

बाईंनी टॉर्च विझवली.

रोसमी वळली, वाकली, एक पाय सरकवून बघितला. हात पसरले. सावली झोपाळा सोडीना. शेवटी ती त्या सिमेंटवर आडवीच झाली, टाचा रंगातल्या पावलांवर आणि अंग रेघेच्या आत. सकाळची सावली माणसापेक्षा लांब असते. तिचं डोकं रंगातल्या छातीपर्यंतसुद्धा धड पोचलं नाही.

"ही तर लहान आहे," इंतान म्हणाली.

"ऊठ गं, रोसमी, ऊठ," जुनाईदा रडायला लागली.

रोसमी उठली. तिच्या पाठीला माती लागली होती.

"बाई, आज कुठल्या वेळेला जुळेल? थांबते मी. दहापर्यंत थांबते."

"आज नाही जुळणार."

"मग कधी?"

"ऑगस्टात."

"ऑगस्टात कोण सोडतंय मला!" रोसमी म्हणाली. मग एकदम बाईंचा हात धरला. "मग आजची काढून ठेवा. नवीन. पुढच्या वेळेला हिच्याशी जुळेल."

"पुढच्या वेळेला कधी येशील?"

"सोडतील तेव्हा."

बाईंनी ब्रश आणला. डबा उघडला. वाकल्या आणि तशाच थांबल्या. सोडतील तेव्हा सूर्य कुठे असेल, देव जाणे. आणखी एक खोटी सावली पोरीच्या गळ्यात बांधायची? आणि नाही बांधायची तर मग रोसमीला द्यायचं तरी काय? ब्रशवरून रंगाचा थेंब सिमेंटवर पडला. तेवढ्यात ढग आला आणि अंगणातली सगळी ऊन-सावली एकदम पुसली गेली.

रोसमी हलली नाही. ढग जाईल, ऊन पडेल, काहीतरी होईल, म्हणून त्या दोन पावलांवर उभीच राहिली.

इंताननं आपलं फडकं उचललं. ती जवळ आली, मान वर करून बघितलं आणि अनोळखी बाईशी बोलताना वापरायचा, बालवाडीत शिकवलेला गोड आवाज काढून म्हणाली, "काकू, जरा सरकता का? ती माझ्या आईची जागा आहे."

रोसमी सरकली.