कागदावर नसलेले तीन दिवस

बागेच्या टोकाच्या त्या दोन खोल्यांत ती आणि तिचं दहा महिन्यांचं बाळ, एवढीच माणसं राहत होती. नवरा होता, चांगला धडधाकट होता. पण खिडकीच्या पलीकडे. सफरचंदांच्या त्या बागेत फवारणीचं काम त्याचं. औषध मारलं की पुढचे तीन दिवस तो पंपाच्या खोलीत राहायचा, तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा. हा नियम तिने सांगितलेला.

ती सायन्सची पदवीधर, त्यामुळे औषधाच्या पाकिटातला घडीचा कागद वाचायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं. पिवळट पावडर. पानावर पातळ थर धरते आणि बुरशी रुजू देत नाही. पण एकदा का डाग पडला, की मग नुसतं बघत बसायचं. आणि पाऊस पडला की थर धुऊन जातो. यंदा सारखी भुरभुर लागलेली, म्हणून फवारणीला फवारणी जोडून येत होती आणि तीन दिवसांना तीन दिवस. महिना झाला, तो घरात आला नव्हता.

फोनवर आई म्हणायची, "तुझे बाबा गिरणीतून पिठाने माखून यायचे आणि तू तशीच मांडीवर चढायचीस. तुझं आपलं काहीतरीच!"

"आई, ते पीठ होतं गं."

फोन ठेवला की घर आणखीच शांत व्हायचं. सकाळी पांढरा झगा, मास्क, गॉगल असं ध्यान झाडांमधून जाताना दिसलं, की बाळ काचेवर थापा मारायचं. तेवढीच बापलेकाची भेट.

एका दुपारी तो खिडकीशी आला आणि बंद डबा कठड्यावर ठेवून चार पावलं मागे सरला.

"अगं, मालकांनी नवं औषध आणलंय. जुन्याला बुरशी सरावते म्हणे. बघ बरं, याला किती दिवस?"

तिने डब्याला चिकटवलेला कागद सोडवून घेतला. हातमोजे, मास्क वापरावा. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये. फवारा वाळेपर्यंत बागेत फिरू नये, तोडणीआधी ठरलेले दिवस सोडावेत. काम संपल्यावर साबणाने आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत.

"किती गं?"

"आंघोळ केली, कपडे बदलले की झालं."

"वा! म्हणजे हे गुणाचं निघालं. जुनं भलतंच कडक होतं, तीन दिवस!"

जुन्या औषधावर ढकलून मोकळं होता आलं असतं.

"जुन्यालाही नव्हते."

"काय?"

"तीन दिवस. कागदावर नव्हते. मीच लावले. भीती वाटायची हो मला."

त्याने कठड्यावरचा डबा उचलला. मग म्हणाला, "मला वाटलं, छापलेलं आहे."

रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याने दोनदा साबण लावून आंघोळ केली, घरचे धुतलेले कपडे घातले आणि दारात उभा राहिला. ओले केस, उघडा चेहरा. बाळाने एकदा पाहिलं आणि तिच्या मानेला मिठी मारून टाहो फोडला.

"गॉगल लावून येऊ का?" त्याने हसून पाहिलं.

"तो घरात नाही आणायचा," ती सवयीने बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

तिने बाळाची बोटं एकेक करून सोडवली, त्याला सतरंजीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

"अरे, मी आहे रे! खिडकीतला!" तो बाहेर म्हणत होता. रडणं थांबेना. "येतेस का गं जरा?"

ती दारापर्यंत आली. आपण गेलो की बाळ पुन्हा आपल्याच मानेला बिलगणार, म्हणून मागे फिरली, नळ मोठा सोडला आणि धुतलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.