आत्मा, स्पीकर आणि आनंदीबाईंचा फोन

“चपला बाहेर, बडबड बाहेर. आत आत्मा बसलाय.”

आनंदीबाईंचा हा आवाज ऐकला त्याला वीस वर्षं उलटून गेली. आमच्या निवासी शाळेचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं, आणि त्या महिन्यात पोळ्या लाटता लाटता आत्म्याच्या दाराशी गर्दी आवरायचं जादा काम त्यांच्याकडे आलं होतं. शाळा मुलींची, हिंजवडीच्या अलीकडे, माळावर. साल दोन हजार दोन. खिडकीबाहेर उसाच्या शेतात काचेच्या इमारती उगवत होत्या आणि कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या बैलगाडीमागे मुकाट्यानं रांगत होत्या.

संगणक कक्षात अनवाणी जायचं ही पद्धत आत्मा येण्याच्या आधीची. संगणकाला धूळ चालत नाही, म्हणून. पण दाराशी चपलांची आरास, आत ओढलेले पडदे, गार हवा, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. देऊळ व्हायला फक्त देव यायचा राहिला होता. देवाला सवड नसावी, म्हणून आत्मा आला.

तो मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, सकाळी नऊच्या सुमारास, आमच्या दहावीच्या तासाला. तिसऱ्या संगणकाच्या स्पीकरमधून एकदम सुरू व्हायचं, “टिकिटिक् टिकिटिक् टिकिटिक्, टर्रर्र.” मिनिटभरात सगळं गप्प. संगणक शिकवणाऱ्या शौनक सरांनी वायर बदलली, मग अख्खा स्पीकर बदलला. आत्म्याला दोन्ही स्पीकर आवडले.

तिसऱ्या संगणकावर आम्ही दोघी बसायचो. मी, म्हणजे ऋचा, आणि दीपमाला. दीपमाला हिंगोलीकडच्या एका खेड्यातून शिष्यवृत्ती मिळवून त्याच जूनमध्ये आली होती. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली पोर. समोर येईल त्याच्यावर ओवी रचायची. पहिल्यांदा कळफलकाला हात लावला तेव्हा हळूच गुणगुणली होती,

“काचेच्या गं पेटीमधी, अक्षरांचं रान
बोटानं मी पेरिते, उगवतं पान.”

मी तिला म्हटलं होतं, “अगं, हे मराठीच्या बाईंना दाखव.” ती म्हणाली, “नगं. माय म्हणती, ओवी दाखवायची नसती, म्हणायची असती.”

आता हिशेब मुलींनी केला तो असा. दीपमाला जूनमध्ये आली. आवाज जूनपासून येतो. आवाज तिच्याच संगणकातून येतो. म्हणजे आत्मा तिच्याबरोबर आला. मीही त्याच बाकावर बसते हे कुणाला आठवलं नाही, कारण मी पुण्याची होते आणि पुण्याच्या मुलींना आत्मे धरत नाहीत, आमच्याशी वाद घालावा लागतो.

आठवडाभरात दीपमालाच्या ताटाशेजारी कुणी बसेनासं झालं. तिच्या ओव्या बंद झाल्या. मग शाळेचे विश्वस्त रंगनाथराव यांनी बद्रीनाथ महाराजांना आणायचं ठरवलं. महाराज आधी फक्त चौकशीला आले. म्हणाले, “आवाज कसा येतो, जरा काढून दाखवा.” साठीच्या रंगनाथरावांनी ओठ पुढे काढून, मान हलवत “टिकिटिक् टिकिटिक्” केलं. महाराजांनी डोळे मिटले आणि ते फार गोड हसले. ते हसू त्या वेळी आम्हाला ज्ञानाचं वाटलं.

महाराज जुन्या पठडीतले नव्हते. राख नाही, जटा नाहीत. रेशमी झब्बा, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि सगळ्यांना वाटायला छापील कार्ड: ‘विद्युतयोगी बद्रीनाथ महाराज’, खाली सोनेरी अक्षरांत मोबाइलचा नंबर.

“आत्मा म्हणजे काय?” पुढच्या खेपेला त्यांनी आम्हाला विचारलं. “व्होल्टेज. देह म्हणजे काय? बल्ब. बल्ब गेला तरी व्होल्टेज राहतं. पूर्वी आत्मे पिंपळावर राहायचे. पिंपळ तोडून तुम्ही कंपन्या बांधल्या. बिचाऱ्यांनी जायचं कुठं?”

“संगणकात,” मागून कुणीतरी म्हणालं.

“शाब्बास. ही मुलगी पुढच्या जन्मी माझी शिष्या होणार.”

मग महाराज स्पीकरशेजारी बसले, उजवा हात खिडकीच्या दिशेनं उंच धरला आणि एक लांबलचक मंत्र म्हणू लागले. मंत्र संपता संपता स्पीकर वाजला. टिकिटिक् टिकिटिक्. वाजला तर ‘हो’, गप्प राहिला तर ‘नाही’, असा करार महाराजांनी आत्म्याशी करून टाकला. मग तर रांगच लागली. “गणितात पास होईन का?” टिकिटिक्. “बाबा मला गाडी घेतील का?” शांतता. आनंदीबाईंनी पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी नमस्कार करून गॅसचं सिलिंडर कधी येईल ते विचारलं. आत्म्याला गॅस एजन्सीबद्दल काही सांगता आलं नाही.

शेवटी महाराजांनी दीपमालाला पुढं बोलावलं. “ह्या कन्येला धरलं आहे का?”

टिकिटिक् टिकिटिक् टर्रर्र.

निकाल असा लागला: अमावास्येच्या आत मुलीला शाळेतून काढा, नाहीतर आत्मा एकेका मुलीला धरत जाईल. रंगनाथरावांनी तिच्या वडिलांना तार केली, शनिवारी या आणि मुलीला घेऊन जा.

दीपमाला रडली नाही. ट्रंक भरता भरता म्हणाली, “पाहुणे कवाचेच थांबलेत. पोरगा ट्रॅक्टर चालवतो म्हणं. दहावी झाल्याबिगर लगीन नाही असं बापानं कबूल केलं व्हतं. आता दहावीच नाही, तर बाप तरी काय म्हणंल?”

मी तिच्या वह्यांची चळत बांधत होते. गाठ बसेना.

आता मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगते. माझे आईबाबा सहा महिने अमेरिकेत होते, बाबांच्या कंपनीच्या कामासाठी. जाताना आईनं बाबांचा जुना मोबाइल माझ्या हातात ठेवला. “आवाज बंद ठेव, कुणाला दाखवू नकोस, उचलूही नकोस,” ती म्हणाली. त्या काळी आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. “मी रोज झोपायच्या आधी मिस्ड कॉल देईन. तो आला की समज, आम्ही बरे आहोत.” तिची झोपायची वेळ म्हणजे आपले सकाळचे नऊ. वसतिगृहात मोबाइल सापडला तर त्याच दिवशी नाव काढायचं, असा लेखी नियम होता. मी तो युनिफॉर्मच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि जेवणाच्या सुटीत, न्हाणीघरात जाऊन, आईचा मिस्ड कॉल पाहून यायचे.

महाराजांच्या निकालानंतरच्या शुक्रवारी तासाला मी पहिल्यांदाच खिशाची कड बोटानं दूर करून आत पाहत बसले. का, ते सांगता येणार नाही. आईची आठवण येत होती. स्पीकर टिकटिकला, आणि पुढच्याच क्षणी खिशात हिरवा उजेड पडला. आई.

जिच्या भीतीनं सगळी शाळा अनवाणी थरथरत होती, ती माझी आई होती. ती दूरदेशी उशी झटकता झटकता मला सांगत होती की आम्ही बरे आहोत.

मी विज्ञानाच्या वासंतीबाईंकडे गेले, आणि अर्धंच बोलले. “बाई, मोबाइलवर फोन येणार असला की जवळचा स्पीकर असाच वाजतो. महाराजांकडे मोबाइल आहे.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुला कसं माहीत?”

“मामाकडे पाहिलंय.”

“मामा काय करतात?”

“मोबाइल वापरतात.”

“मोठी नोकरी आहे,” बाई म्हणाल्या आणि पुढं काही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी संगणक कक्ष खचाखच भरला. दाराशी शंभरावर चपला. दीपमालाचे वडील, नागोराव, ट्रंकेवर हात ठेवून भिंतीशी उभे होते. रात्रभर एसटीनं आलेला माणूस, धोतराला प्रवासाच्या घड्या. मुलगी सुखरूप सोपवण्याआधी आत्म्याचा निरोप घ्यावा, म्हणून महाराज जातीनं आले होते. अंगणात त्यांची जीप, जीपमध्ये त्यांचा सेवक संपत.

वासंतीबाई हात जोडून पुढं आल्या. “महाराज, दर वेळी आपण विचारता. आज मी विचारू का? मास्तरणीला फार शंका असतात.”

“विचारा ना,” महाराज म्हणाले आणि सवयीनं उजवा हात उचलायला गेले.

“आपण हात खाली ठेवा, थकला असेल. मंत्रही नको. आत्म्या, तू आला आहेस का?”

आणि मंत्राशिवाय, हाताशिवाय स्पीकर वाजला. टिकिटिक् टिकिटिक्. महाराज स्वतःच दचकले.

“दीपमालाला तू ओळखतोस का?”

शांतता.

“बद्रीनाथ महाराजांना ओळखतोस का?”

टिकिटिक् टिकिटिक् टर्रर्र. मुलींमध्ये खसखस पिकली.

“महाराज, आपण जरा बाहेर ओसरीच्या टोकाशी उभे राहता का? आत्मा लाजत असेल.” रंगनाथराव काही म्हणायच्या आत महाराज बाहेर गेले. बाईंनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. स्पीकर दगडासारखा गप्प. महाराज आत आले, स्पीकरपाशी बसले. टिकिटिक्.

“आत्मा माझ्यावर प्रसन्न आहे,” महाराज म्हणाले. कपाळावर घाम होता.

एवढ्यात खिडकीच्या गजांतून संपतचं डोकं आत आलं. “महाराज, किती वेळ लावतोय, तुमचा फोन एंगेज येतोय. कुणाशी बोलताय?”

पाठोपाठ शेजारच्या कार्यालयातून, अर्ध्या भिंतीवरून, आनंदीबाईंचा आवाज आला, “बाई, दीपमालाचा प्रश्न तेवढा सोडून कार्डावरच्या नंबरवर बाराव्यांदा लावला हो. वाजतोय, उचलत कुणी नाही. अजून लावू का पोळ्यांना जाऊ?”

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. पण त्या खोलीत मोठ्यानं हसायची बंदी तिथंच मोडली. वासंतीबाईंनी हात पुढं केला, आणि रंगनाथरावांनीच, मान खाली घालून, महाराजांना कमरेचा मोबाइल काढायला लावला. पाचच मिनिटांत जीप अंगणात नव्हती. महाराजांच्या चपला तेवढ्या दाराशी राहिल्या.

बाईंनी फोन येताना काय होतं ते फळ्यावर काढून दाखवलं. वाजण्याआधी मोबाइल जवळच्या टॉवरशी लहरींतून बोलतो. स्पीकरची तार जवळ असली तर त्या लहरी पकडते आणि टिकटिकते. खेळ एवढाच. महाराजांचा मोबाइल आवाज बंद करून कमरेला; ते हात उचलायचे तो संपतला इशारा; मंत्र लांब, कारण फोन लागायला वेळ लागतो.

“मुलींनो,” बाई म्हणाल्या, “न कळणारा आवाज ऐकून घाबरलात, त्यात लाज नाही. मीसुद्धा दचकले होते. लाज याची, की आवाज कसला हे शोधण्याऐवजी दोष कुणाचा हे आधी शोधलंत, आणि तो सगळ्यांत एकट्या असलेल्या मुलीवर ठेवलात. कुणी चमत्कार सांगितला तर दोनच गोष्टी करा. विचारा, आणि करून पाहा. खरं असेल तर ते प्रश्नानं मरत नाही.”

मग भिंतीपासून नागोराव पुढं आले. ट्रंकेची कडी त्यांनी सोडली नव्हती.

“बाई, ह्यो लबाड हाय, पटलं. पर तुम्हीच म्हणता, विचारा. म्हणून विचारतो. ह्यो बाबा यायच्या आधी महिनाभर आवाज येत व्हता ना? तवा तर ह्याचा फोन हितं नव्हता. मग तवा माझ्या लेकीच्या पेटीत कोण वाजत व्हतं? गावात लोक हेच विचारतील. मी काय सांगू?”

बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फळा पुसायला घेतला, अगदी सावकाश, एकेक रेघ. दीपमाला जमिनीकडे पाहत होती. रंगनाथराव घसा खाकरून म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे. उलगडा होईस्तोवर मुलीला घरी नेलेलंच बरं,” आणि नागोरावांनी ट्रंक उचलली. युनिफॉर्मच्या आतल्या खिशात, बंद केलेला, मोबाइल माझ्या फासळीला टोचत होता. शाळेतून काढलं जाणारं नाव, आईचा विश्वास, पुण्यातल्या आजीला काय सांगायचं, सगळं एकदम आठवलं. ट्रंकेचा कोपरा दाराच्या चौकटीला घासला.

“काका, तिला नेऊ नका,” मी म्हणाले. “मोबाइल माझ्याकडे आहे. जूनपासून. आवाज माझ्यामुळे येत होता, आणि मला ते कालपासून माहीत होतं.”