चुकून की मुद्दाम

इथे आखातात, झिंज भागातल्या हॉलमध्ये दर वर्षी मराठी मंडळाचा बास्केटबॉल सामना रंगतो, घाट विरुद्ध कोकण. घाट हरला तर घाटावरच्या पुरुषांनी गणपतीत उकडीचे मोदक वळायचे, कोकण हरलं तर पुरणपोळ्या लाटायच्या. यंदा हेमा पंच म्हणून उभी राहिली आणि कुजबुज सुरू झाली. नवरा शैलेंद्र घाटाकडून खेळतोय, म्हणजे निकाल लागलाच म्हणायचा! हेमाला ते चांगलंच झोंबलं. ऑफिस सांभाळून पंचांची परीक्षा दिली, ती काय नवऱ्याला वाचवायला? आज एक निर्णय डळमळला, तर ही शिट्टी पुन्हा कुणी हातात देणार नव्हतं.

शेवटचं मिनिट, बरोबरी. चेंडू शैलेंद्रकडे आला. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे त्या शहाण्याच्या डोक्यातून पार उडालेलं. सीफच्या मॉलमध्ये गाडी कुठल्या मजल्यावर लावली तेही ज्याला आठवत नाही, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार? त्यानं झोकात चेंडू फेकला, थेट स्वतःच्याच बास्केटमध्ये, आणि दोन्ही हात वर करून नाचला. कोकणवाले त्याच्याहून जोरात नाचायला लागले, तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली.

पण गडी बेरका. हेमाचा अभ्यास त्यानंच तर घेतला होता. साळसूद चेहऱ्यानं तो तिच्यापुढे उभा राहिला.

"पंचबाई, मी मुद्दाम टाकला. आपल्याच बास्केटमध्ये मुद्दाम टाकलेला धरत नाहीत. चुकून पडला तरच समोरच्यांना दोन गुण."

नियम अगदी बरोबर होता. सगळा हॉल हेमाकडे बघत राहिला. चेहरा तिनं हलू दिला नाही.

"मुद्दाम?" घरात अरे-तुरे करणारी हेमा म्हणाली. "मग नाचलात कशाला?"

आणि तिनं शिट्टी फुंकून दोन बोटं वर केली.

"चुकून पडलाय. दोन गुण कोकणला."

नियमाप्रमाणे ते गुण कोकणचा कप्तान विनीतच्या नावावर लागले. सामनाभर त्याला एक बास्केट जमलं नव्हतं, तरी सगळा भाव तोच खाऊन गेला. उरलेल्या वेळात घाटाला काही करता आलं नाही. खलास.

गणपतीत शैलेंद्र उकड मळत बसला होता. विनीत मुद्दाम डिवचायला आला. "पुढच्या वर्षी बाहेरचा पंच आणू या का? तुमच्यावर अन्याय नको."

"हेमाच हवी," शैलेंद्र मान वर न करता म्हणाला. "माझं खोटं तिच्यापुढे घरात पचत नाही, मैदानावर तुमचं काय पचणार?"

पलीकडे नारळ खवणाऱ्या हेमाला एकदम भरून आलं. तेवढ्यात शैलेंद्रच्या हातातला मोदक फुटला आणि सारण ताटात सांडलं.

"हा मुद्दाम फोडला," तो म्हणाला.

हेमानं नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"चुकून," तो म्हणाला आणि दुसरा वळायला घेतला.